सॉलिड रॉकेटमधलं क्लोरीन घालवायचं तर नेमकं अडतं कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: सॉलिड रॉकेटच्या धुरातून हायड्रोक्लोरिक ॲसिड बाहेर पडतं, क्लोरीन नसलेले एडीएनसारखे ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारे पदार्थ, कागदावर जास्त ताकदवान दिसतात, तीस-पस्तीस वर्षं त्यावर काम चाललंय, मग अजून सगळीकडे क्लोरीनवालं अमोनियम परक्लोरेटच का वापरतात, आणि आता नव्याने पीएचडीला लागणाऱ्याने कुठल्या रेणूवर काम करावं? मी गेली बावीस वर्षं प्रोपेलंट फॉर्म्युलेशनमध्ये आहे, त्यातली निम्मी याच विषयात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण आधीच सांगून टाकतो, नवा रेणू शोधायच्या मागे लागू नका. रेणू आहेत हो, पुरेसे आहेत. अडलंय ते त्या रेणूला रबरात वीस वर्षं गुण्यागोविंदाने नांदायला लावण्यात.

आधी एपी, म्हणजे अमोनियम परक्लोरेट, एवढं चांगलं का आहे ते बघू, कारण हे नीट कळल्याशिवाय लोक त्याला बदलायला निघतात आणि मग दोन वर्षांनी आपटतात. सॉलिड प्रोपेलंट म्हणजे काय, तर रबर आणि त्यात गच्च भरलेले कण. साधारण ७० टक्के एपी, पंधरा-वीस टक्के ॲल्युमिनियमची पावडर आणि उरलेलं एचटीपीबी नावाचं रबर, जे एकाच वेळी इंधनही आहे आणि सगळं धरून ठेवणारा बाइंडरही. एपीची घनता १.९५, म्हणजे कमी जागेत जास्त माल मावतो. तो २४० अंश सेल्सिअसपर्यंत आपली क्रिस्टलची रचना बदलत नाही, म्हणजे उन्हाळा-हिवाळा, गोदाम, वाहतूक या सगळ्यात तो आहे तसाच राहतो. ओलावा त्यामानाने कमी धरतो. त्याचे गोल दाणे मिळतात, जाड-बारीक दाणे मिसळून ते एकमेकांच्या फटीत बसवता येतात, म्हणून एवढा माल भरूनही मिश्रण ओतता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बर्न रेट, म्हणजे जळण्याचा वेग, नुसत्या दाण्याच्या आकाराने वरखाली करता येतो, जरा लोह ऑक्साइड टाकलं की अजून वाढतो. वर तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून बनवायच्या जुन्या, स्वस्त प्रोसेसने तयार होतो. एकाच पदार्थात एवढं सगळं जमून येणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. तो निरुपद्रवी मात्र अजिबात नाही, ४ मे १९८८ ला अमेरिकेत नेवाडामधल्या हेंडरसनला पेपकॉनचा कारखाना उडाला तो याच एपीच्या साठ्यामुळे, दोन माणसं गेली आणि शेकडो जखमी झाली.

आता क्लोरीनचा हिशोब. एपीच्या वजनात सुमारे ३० टक्के क्लोरीनच असतं. एक टन प्रोपेलंटमध्ये ७०० किलो एपी धरला आणि त्यातलं सगळं क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडलं असं मानलं, तर २१७ किलो हायड्रोजन क्लोराइड होतं. स्पेस शटलच्या एकेका बूस्टरमध्ये जवळपास ५०० टन प्रोपेलंट होतं आणि बूस्टर दोन, म्हणजे दर लाँचला दोनशे टनांच्या वर. लाँचपॅडजवळचं पाणी काही काळ आम्लधर्मी होणं, झाडांच्या पानांवर डाग पडणं हे सगळं नोंदवलेलं आहे. वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये हेच क्लोरीन ओझोन खातं, १९९० च्या दशकात शटल आणि टायटन-४ च्या धुराच्या पट्ट्यातून विमान नेऊन मोजलं तेव्हा त्या पट्ट्याच्या आत ओझोन काही वेळ जवळजवळ शून्यावर गेलेला दिसला, मग आजूबाजूची हवा मिसळून भरून आला. जगाच्या एकूण ओझोनच्या मानाने तो परिणाम तेव्हा छोटाच होता, कारण लाँच कमी होते, आता लाँच वाढत चाललेत.

पण माझं स्वतःचं मत विचाराल तर धूर हे दुसरं कारण आहे. पहिलं कारण पाणी. परक्लोरेट पाण्यात सहज विरघळतो, मातीला चिकटून राहत नाही, आणि पाण्यात गेल्यावर आपणहून मोडतही नाही, वर्षानुवर्षं तसाच वाहत राहतो. शरीरात गेला की थायरॉइडमध्ये आयोडीन ज्या वाटेने आत जातं तीच वाट तो अडवतो, त्यामुळे गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांची काळजी सगळ्यात जास्त. १९९७ मध्ये पाण्यातला परक्लोरेट चार पीपीबीपर्यंत, म्हणजे अब्जात चार भाग इतका, मोजता यायला लागला आणि मग एकदम दिसायला लागलं की हेंडरसनच्या जुन्या कारखान्यांतून झिरपलेला माल लेक मीडमधून कोलोरॅडो नदीत उतरलाय, आणि ती नदी लाखो लोकांचं पिण्याचं पाणी आहे. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये दोन पीपीबीची मर्यादा घातली, कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये सहाची. आणि हे पाण्यात येतं कुठून, तर उडणाऱ्या रॉकेटमधून फारसं नाही. कारखान्यातल्या धुण्याच्या पाण्यातून येतं, आणि मुदत संपलेल्या मोटरमधला (सॉलिड रॉकेटच्या इंजिनाला मोटर म्हणतात) प्रोपेलंट मोठ्या दाबाच्या पाण्याने खरवडून काढतात त्यातून येतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

मग पर्याय. सगळ्यात आधी सगळ्यांना आठवतं अमोनियम नायट्रेट, एएन. स्वस्त, मुबलक, क्लोरीन शून्य. अडचण अशी की तो ३२ अंशांना आपली क्रिस्टलची रचना बदलतो आणि आकारमान साडेतीन-पावणेचार टक्क्यांनी वाढतं. ३२ अंश म्हणजे काय, साधा उन्हाचा दिवस. आम्ही सुरुवातीच्या काळात साध्या एएनच्या दाबून बनवलेल्या गोळ्या ओव्हनमध्ये ठेवून खाली-वर तापमान फिरवत होतो, दर काही फेऱ्यांनी बाहेर काढून मायक्रोमीटरने जाडी मोजायची. पहिल्या काही फेऱ्यांत नुसती जाडी वाढत जाते, गोळी चांगली दिसते. मग कडेला केसाएवढी रेघ येते. आणि मग एक दिवस मायक्रोमीटरचे जबडे हलकेच लावले तरी कडेचा तुकडा खाली पडतो, आतून भुसभुशीत झालेलं असतं. मोटरमध्ये असं झालं तर काय होईल विचार करा, प्रत्येक भेग म्हणजे जळायला नवा पृष्ठभाग, पृष्ठभाग वाढला की प्रेशर वाढलं, प्रेशर वाढलं की केसिंग, म्हणजे मोटरचं बाहेरचं कवच, फाटली.

यावर उपाय आहे, पोटॅशियम नायट्रेट किंवा काही धातूंची संयुगं घालून हा बदल पुढे ढकलता येतो, त्याला फेज स्टॅबिलाइज्ड एएन म्हणतात. पण "स्टॅबिलाइज्ड" या शब्दावर फार विसंबू नका. टकाटाच्या एअरबॅगचं प्रकरण आठवा, त्यातला गॅस तयार करणारा माल फेज स्टॅबिलाइज्ड एएनचाच होता, ओलावा शोषणारं ड्रायिंग एजंट नसलेल्या इन्फ्लेटरमध्ये वर्षानुवर्षं दमटपणा आणि उष्ण-थंड फेऱ्या खाऊन तो माल बिघडला, जास्त वेगाने जळायला लागला आणि इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे गाडीतल्या माणसांच्या अंगात घुसले. वाहन उद्योगातला सगळ्यात मोठा रिकॉल त्यातून झाला. माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी हे प्रकरण आधी वाचायला लावतो, कारण आमच्या धंद्यातलं एजिंग (माल जुना होत बिघडणं) म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं कशातच दिसत नाही. शिवाय एएन हळू जळतो, नीट पेटत नाही, आणि त्याच्या थंड ज्वाळेत ॲल्युमिनियमचे कण जळायच्या आधी एकमेकांना चिकटून मोठे थेंब होतात जे अर्धवट जळून बाहेर जातात. गॅस जनरेटरसारख्या ठिकाणी ठीक आहे, मोठ्या बूस्टरला एकट्या एएनवर माझा विश्वास नाही.

आता एडीएन, अमोनियम डायनायट्रामाइड. माझा जीव यात अडकलाय हे लपवत नाही. मॉस्कोच्या झेलिन्स्की इन्स्टिट्यूटमध्ये १९७१ मध्ये हा पहिल्यांदा बनला, सोव्हिएत लोकांनी ते गुपित ठेवलं, मग १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एसआरआय या संशोधन संस्थेत तो स्वतंत्रपणे पुन्हा सापडला आणि नंतर स्वीडनमध्ये एफओआय या संरक्षण संशोधन संस्थेने त्यावर खूप काम केलं. ताकद कुठून येते ते एका हिशोबात कळतं. प्रत्येक पदार्थ मूलद्रव्यांपासून बनताना काही उष्णता बाहेर टाकून बसलेला असतो, ती उष्णता रॉकेटला मिळत नाही, ती गेली ती गेली. किलोमागे ही गेलेली उष्णता एएनमध्ये साधारण ४६०० किलोज्यूल, एपीमध्ये २५००, आणि एडीएनमध्ये फक्त १२०० च्या आसपास. वर त्याचा धूर म्हणजे नायट्रोजन, पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन, हलके वायू. म्हणून स्पेसिफिक इम्पल्स, म्हणजे दर किलो प्रोपेलंटमागे मिळणारी ढकल (तो सेकंदांत मोजतात), एपीच्या वर जातो. फक्त एक बघा, मोकळा ऑक्सिजन एपीकडे वजनाच्या ३४ टक्के, एडीएनकडे २६ आणि एएनकडे २० टक्के. घनताही १.८१ च, त्यामुळे टाकी तेवढीच असेल तर कागदावरचा फायदा थोडा आटतो. हे पेपरांत बऱ्याचदा शेवटच्या ओळीत टाकलेलं असतं, तुम्ही पहिल्या ओळीत बघा.

लोक मला सांगतात की एडीएन तर अवकाशात जाऊन आलाय, मग प्रॉब्लेम काय. गेलाय, २०१० मध्ये स्वीडनच्या प्रिस्मा उपग्रहावर, पण तो द्रवरूपात, पाणी, मिथेनॉल आणि अमोनियात विरघळवलेला. द्रवात विरघळलेल्या एडीएनला क्रिस्टलचा आकार नसतो, ओलाव्याची भीती नसते, रबराशी संबंध नसतो. म्हणजे सॉलिडवाल्याला जे तीन त्रास छळतात ते तिन्ही तिथे नाहीतच.

ओलाव्याचा त्रास एकदा डोळ्यांनी बघितला की विसरत नाही. आमच्याकडे ड्राय रूमचं मशीन एकदा मध्येच बंद पडलं होतं, आणि मी नेमकं तेव्हाच काट्यावर एडीएनचं सॅम्पल ठेवलं होतं, थोडंसंच. आकडा स्थिर होईना, शेवटचा अंक एकेक करून वरच चढत होता, मी आधी काट्यालाच दोष दिला. मग भिंगातून बघितलं तर दाण्यांच्या कडा गोलसर आणि चकचकीत झालेल्या, जिथे दोन दाणे टेकलेत तिथे ओलसर पूल तयार झालेला. हवेतली आर्द्रता साधारण ५५ टक्क्यांच्या वर गेली की एडीएन पाणी ओढायला लागतो आणि शेवटी स्वतःच विरघळून जातो. म्हणजे साठवण, मिक्सिंग, कास्टिंग सगळं कोरड्या हवेत करावं लागतं, आणि बूस्टरच्या आकाराच्या मिक्सरभोवती कोरडी हवा राखणं म्हणजे अख्खी इमारत वेगळी बांधणं. त्यात तो मुळात सुयांसारख्या क्रिस्टलमध्ये मिळतो, सुया रबरात भरल्या की मिश्रण इतकं घट्ट होतं की ओतता येत नाही, म्हणून त्याचे गोल दाणे बनवावे लागतात, प्रिल म्हणतात त्यांना. वितळतो ९२-९३ अंशांना, त्यामुळे प्रिल करणं जमतं, पण तेवढ्याचसाठी उष्णतेच्या बाबतीत हात फार आखडता ठेवावा लागतो. ओलाव्यासाठी दाण्यांवर कोटिंग करून बरेच जण बघतात, प्रयोगशाळेत छान दिसतं, मिक्सरची पाती फिरली की कोटिंग सोलून निघतं, हा माझा अनुभव.

पण खरी अडचण रबराची, आणि मला वाटतं या विषयातलं सगळ्यात दुर्लक्षित काम इथेच आहे. एचटीपीबी घट्ट करायला, म्हणजे क्युअर करायला, आपण आयसोसायनेट वापरतो. एडीएनचं आयसोसायनेटशी पटत नाही, आणि ओलाव्याचा अंश राहिला असेल तर आयसोसायनेट पाण्याशीही भांडून कार्बन डायऑक्साइड सोडतं. माझा पहिला एडीएनचा तुकडा क्युअर होऊन ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा साच्याच्या वर फुगून आला होता, मधोमध कापला तर आतून पावासारखी जाळी. बाहेरून एकदम गुळगुळीत, म्हणून जास्त धोकादायक, कारण एक्स-रे काढला नसता तर कळलंच नसतं. यावर सध्या सगळ्यात आशादायक वाट म्हणजे आयसोसायनेट टाळून अझाइड आणि अल्काइन गटांची सांगड घालून क्युअर करणं, त्यातून ट्रायझोलची कडी बनते आणि वायू सुटत नाही. बाइंडर म्हणून गॅप, म्हणजे ग्लायसिडिल अझाइड पॉलिमर, घेतलं की त्यात अझाइड आधीच आहेत, शिवाय त्याची स्वतःची ऊर्जा असते आणि त्याला ऑक्सिजनही कमी लागतो, म्हणजे एडीएनकडे एपीपेक्षा ऑक्सिजन कमी असतो ती उणीव भरून निघते. जोडी चांगली जमते. पण गॅप थंडीत कडक होतं, एचटीपीबी उणे ७०-८० अंशांपर्यंत रबरासारखं राहतं तर गॅप उणे ४५ च्या आसपासच काचेसारखं व्हायला लागतं. ताणलं तर लवकर तुटतं. म्हणजे एक भोक बुजवलं की दुसरं उघडं पडतं.

आणि मग प्रेशर एक्स्पोनंट. याबद्दल विद्यार्थी मुलाखतीत व्याख्या सांगतात आणि अर्थ विचारला की गप्प होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. प्रेशर वाढलं की प्रोपेलंट जास्त वेगाने जळतो, किती जास्त ते या एन नावाच्या आकड्यावरून ठरतं. आता समजा मोटरमध्ये बारीक भेग पडून जळणारा पृष्ठभाग १० टक्क्यांनी वाढला. एन ०.३५ असेल, जो एपीच्या प्रोपेलंटला सहज मिळतो, तर प्रेशर साधारण १६ टक्क्यांनी वाढेल, केसिंग ते सहन करेल. एन ०.७ असेल तर तीच भेग प्रेशर ३७ टक्क्यांनी वाढवते. ०.८५ असेल तर जवळपास ९० टक्क्यांनी. एडीएनच्या प्रोपेलंटचा एन बऱ्याचदा ०.६ च्या वरच सापडतो. एपीमध्ये दाणे जाड-बारीक करून आपण बर्न रेट हवा तसा वळवतो, एडीएनमध्ये ती खुंटी फारशी हाताला लागत नाही, कारण तो बराचसा स्वतःच्याच ज्वाळेवर जळतो, शेजारच्या रबराची वाट बघत नाही. म्हणून एडीएनमध्ये थोडा स्टॅबिलाइज्ड एएन मिसळून दोघांच्या मधला वेग गाठायचा ही कल्पना मला पटते. युरोपात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ग्रेल प्रकल्पाने नेमकी हीच जोडी घेतली होती.

बाकीचे उमेदवार पटकन उरकतो. हायड्राझिनियम नायट्रोफॉर्मेट, एचएनएफ, नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात जोमाने केला गेला, ताकद उत्तम, पण घर्षणाला फार हळवा, एचटीपीबीतल्या डबल बाँडशी त्याचं जमत नाही, आणि बनवायला हायड्राझिन लागतं जे विषारी आहे, मग हिरवं कशाला म्हणायचं. सीएल-२० लोक ऑक्सिडायझरच्या यादीत टाकतात ते चूकच आहे, त्याच्याकडे द्यायला मोकळा ऑक्सिजन नाहीच, उलट तूट आहे, तो स्फोटक म्हणून ओळखला जातो आणि त्याने प्रोपेलंटचा धोक्याचा वर्गच बदलतो. ट्रायनायट्रोइथाइल गटाची नवी संयुगं, म्युनिकला क्लापोटके यांच्या गटाने बरीच केली आहेत, रसायनशास्त्र सुंदर आहे, पण त्यातून टनांनी माल निघेपर्यंत तुमची पीएचडी संपून नातवंडं होतील.

एक वेगळी वाट मात्र आवर्जून सांगतो, एपी तसाच ठेवून क्लोरीन धुरातच पकडायचं. सोडियम नायट्रेट घातलं की क्लोरीन साधं मीठ होऊन बाहेर जातं, मॅग्नेशियम घातलं तर आम्ल नंतर निष्प्रभ होतं, पण दोन्हींत ताकद जाते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी ॲल्युमिनियमच्या जागी ॲल्युमिनियम-लिथियमचं मिश्रधातू वापरून बघितलं, लिथियम क्लोरीनला पकडून लिथियम क्लोराइड बनवतं, हायड्रोजन क्लोराइड ९५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी होतो आणि हिशोबाने इम्पल्स उलट थोडा वाढतो. मला हे काम फार आवडतं. फक्त मघाचं पाण्याचं आठवा, कारखान्यातला आणि जुन्या मोटरमधला परक्लोरेट इथे जसाच्या तसा राहतो. धूर साफ झाला, विहीर नाही. आणि ॲल्युमिनियम जळून होणारे ॲल्युमिनाचे कण तर एडीएन वापरला तरी वर जातातच, ओझोनच्या रसायनात त्यांचाही हात आहे. तसंच एडीएन बनवताना खूप कमी तापमानात तीव्र आम्लांनी नायट्रेशन करावं लागतं, त्यातून उरलेल्या आम्लाची विल्हेवाट हिशोबात धरली नाही तर "ग्रीन" हे नुसतं लेबल.

तर तुम्ही काय करावं. मोठ्या बूस्टरचं स्वप्न आत्ता बाजूला ठेवा, तिथे शेकडो टन माल लागतो आणि किंमतीत एपीशी टक्कर होते. वरच्या टप्प्याच्या किंवा अवकाशात पेटणाऱ्या छोट्या मोटरपासून सुरुवात करा, तिथे प्रत्येक सेकंद इम्पल्सची किंमत मिळते आणि माल किलोंत लागतो. पहिले काही महिने नासाचा सीईए प्रोग्राम, जो ज्वलनाचा हिशोब करून देतो, तो घेऊन एडीएन, एएन, गॅप, एचटीपीबीची गणितं करा, आणि नुसता इम्पल्स नाही, घनतेने गुणलेला इम्पल्सही काढा. प्रयोगाचं काम फक्त परवाना असलेल्या लॅबमध्ये, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली आणि मिलिग्रॅमपासून, घरी किंवा कॉलेजच्या शेडमध्ये यातलं काहीही नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण एका सहकाऱ्याची बोटं गेलेली मी बघितली आहेत.

आणि विषय निवडायचा तर माझं बोट आयसोसायनेट नसलेल्या क्युअरिंगवर आणि एजिंगवर. एक बाइंडर, एक क्युअर सिस्टीम, एक प्रकारचे प्रिल घ्या, मायक्रोकॅलरीमीटरमध्ये, म्हणजे अगदी बारीक उष्णता मोजणाऱ्या यंत्रात, महिनोन्महिने ठेवून उष्णतेची रेघ बघत बसा, सोबत तोच तुकडा उष्ण-थंड फिरवून दर महिन्याला ताणून तोडा आणि दाणा रबरापासून कुठे सुटतो ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा. हे कंटाळवाणं आहे, चटकन पेपर निघत नाही, आणि नेमकी हीच माहिती आज मोटर डिझाइन करणाऱ्याला हवी असते तेव्हा मिळत नाही. गाइड ठरवताना त्यांना आधी हेच विचारा की लॅबमध्ये सगळ्यात जुना क्युअर केलेला एडीएनचा सॅम्पल किती वर्षांचा आहे.